दोन प्रोसेसरचा सर्व्हर, ६४ ची १२८ जीबी रॅम करायची आहे : कोणत्या स्टिक चालतील?

डाळमिल_आयटी (जळगाव)

नमस्कार मंडळी. एमआयडीसीतल्या एका डाळमिलचं संगणकाचं सगळं काम माझ्याकडे असतं. मालकांनी मागे एक जुना सर्व्हर घेतला होता. बोर्ड सुपरमायक्रोचा एक्स१०डीआरआय, त्यावर दोन झिऑन ई५-२६२० व्ही४ प्रोसेसर. रॅमचे स्लॉट १६, त्यात १६ जीबीच्या ४ स्टिक आहेत. प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून वर टॅलीचं मशीन, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालतं. तुरीचा हंगाम सुरू झाला की एकाच वेळी सगळे लॉगिन करतात आणि मग गाडी रडते. म्हणून १२८ करायचं ठरलं.

आत्ताच्या स्टिकवर लिहिलंय : १६ जीबी २आर×४ पीसी४-२१३३पी-आर. मुंबईच्या एका डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय, त्यावर आहे : १६ जीबी २आर×८ पीसी४-२४००टी-ई. तो म्हणतो, "ईसीसी आहे, सर्व्हरचीच आहे, बिनधास्त लावा." उद्या पैसे पाठवायचेत. २१३३ सोबत २४०० चालेल का? आणि १६ च्या ४ घेऊ की जुन्या काढून ३२ च्या ४ घेऊ?

पांझराकाठ (धुळे)

थांब भो, पैसा धाडू नको! ती 'ई' नी स्टिक शे, तुले 'आर' नी जोयजे. २१३३-२४०० नं टेन्शन नही, खरा घोळ त्या शेवटना अक्षरमा शे.

शेवभाजी_तिखट (पाचोरा)

भाऊ, मी मागच्या वर्षी आमच्या सर्व्हरमध्ये साधी डेस्कटॉपची रॅम लावली होती. मस्त चालतेय. हे डीलर आणि कंपनीवाले उगाच घाबरवतात. खाच जुळली, स्टिक बसली, की चालते.

तापी_पूर्णा (मुक्ताईनगर, सध्या पुणे)

@शेवभाजी, तुमचा सर्व्हर एका प्रोसेसरचा, झिऑन ई३ वाला असणार. तिथे अनबफर्ड स्टिक चालते, ईसीसी असो वा नसो. उलट तिथे 'आर' वाली लावली तर तो चालू होणार नाही. म्हणजे तुमचा अनुभव खरा आहे, पण तो या बोर्डाला लागू नाही.

@डाळमिल_आयटी, पांझराकाठ दादांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच.

लेबलवरचं शेवटचं अक्षर म्हणजे स्टिकची जात. 'यू' म्हणजे साधी अनबफर्ड, आपल्या डेस्कटॉपमधली. 'ई' म्हणजे अनबफर्डच, पण ईसीसी असलेली. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, तिला आरडिम म्हणतात. 'एल' म्हणजे लोड रिड्यूस्ड, एलआरडिम. तुमचा बोर्ड फक्त 'आर' किंवा 'एल' घेतो, आणि त्या दोन्हीही एकत्र चालत नाहीत. तुमच्याकडे 'आर' आहेत, तेव्हा नवीनही 'आर'च घ्या.

डीलर खोटं बोलत नाहीये, 'ई' मध्येही ईसीसी असतंच. पण ईसीसी आणि रजिस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईसीसी म्हणजे ६४ बिट डेटासोबत तपासणीचे ८ बिट जास्त, एकूण ७२. एक बिट बिघडला तर तो दुरुस्त होतो, दोन बिघडले तर निदान कळतं. रजिस्टर म्हणजे स्टिकच्या मधोमध बसलेली एक वेगळी चिप. प्रोसेसरचा हुकूम आणि पत्ता आधी तिच्याकडे येतो, ती तो पुढे सगळ्या मेमरी चिपना वाटते. तुमच्या मिलमध्ये मालक प्रत्येक हमालाला वेगळं सांगत बसत नाही, मुकादमाला सांगतो, तसंच. प्रोसेसरवरचा विजेचा भार त्यामुळे कमी होतो, आणि म्हणूनच एका चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर ते रॅम अशा एका वाटेवर, मोठमोठ्या स्टिक लावता येतात.

आता 'खाच जुळली की चालते' याबद्दल. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, तिथे हे खरं आहे, चुकीची स्टिक बसतच नाही. पण डीडीआर४ मध्ये साधी, ईसीसी आणि रजिस्टर्ड, तिघींचे २८८ पिन आणि खाच एकाच जागी. स्टिक छान बसते, खटके लागतात, आणि सर्व्हर चालू होत नाही. डीडीआर५ मध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्डची खाच वेगळी केलीय, कारण तिथे स्टिकला मिळणारा व्होल्टेजच वेगळा आहे, एकीला १२ व्होल्ट आणि दुसरीला ५.

वेगाबद्दल : २४०० ची घेतली तरी ती खाली उतरून चालते. तुमच्या २६२० व्ही४ ची कमाल मर्यादाच २१३३ आहे, त्यामुळे सगळ्या मिळून २१३३ वरच धावतील. २४०० साठी मुद्दाम जास्त पैसे मोजू नका. स्वस्त मिळाल्या तर घ्या.

डाळमिल_आयटी

ताई, खूप आभार. डीलरला कळवलं. त्याच्याकडे २आर×४ पीसी४-२४००टी-आर पण आहेत म्हणे, त्याच पाठवतोय. मग ३२ च्या घेऊ की १६ च्या?

भुसावळ_जंक्शन

३२ च्या घ्या. पुढे वाढवायला स्लॉट मोकळे राहतात.

तापी_पूर्णा

इथे मी १६ च्याच सांगेन. या प्रोसेसरला प्रत्येकी ४ मेमरी चॅनल आहेत, दोघांचे मिळून ८. प्रत्येक चॅनलवर दोन स्लॉट, म्हणून १६. ८ स्टिक असतील तर प्रत्येक चॅनलवर एक येते आणि पूर्ण रुंदी मिळते, प्रत्येक प्रोसेसरला सेकंदाला ६८ जीबीच्या आसपास. ३२ च्या ४ लावल्या तर निम्मे चॅनल रिकामे. शिवाय १६ च्या ८ लावूनही ८ स्लॉट मोकळे राहतातच, मग अडचण कसली?

आत्ताच्या ४ स्टिक नेमक्या कुठल्या स्लॉटमध्ये आहेत? बोर्डावर स्लॉटच्या शेजारी नाव छापलेलं असतं, ते बघून सांगा.

डाळमिल_आयटी

पी१ कडे ए१ आणि ए२. पी२ कडे ई१ आणि ई२. विकणाऱ्यानेच अशा लावून दिल्या होत्या, मी कधी हात लावला नाही.

पांझराकाठ

अरे देवा. दोन्ही बाजूले एक-एकच चॅनल. चारपदरी रस्तावर एकाच पदरमा बठ्ठी वाहतूक!

तापी_पूर्णा

दादा म्हणतात तेच. म्हणजे आजवर तुमचा सर्व्हर पाव रुंदीवर चालत होता. हंगामात रडण्याचं एक कारण कदाचित हेही असेल, नुसती ६४ जीबी अपुरी पडणं नव्हे.

आता मांडणी अशी करा : पहिल्या प्रोसेसरकडे ए१, बी१, सी१, डी१. दुसऱ्याकडे ई१, एफ१, जी१, एच१. हे निळे स्लॉट आहेत, आधी तेच भरायचे. चॅनलवर एकच स्टिक असेल तर ती '१' मध्येच हवी, '२' मध्ये नाही. जुन्या ४ एका प्रोसेसरला आणि नव्या ४ दुसऱ्याला द्या, म्हणजे एका प्रोसेसरखाली सगळ्या सारख्या राहतील. आणि कुणी एकच प्रोसेसर लावून बसलं असेल तर लक्षात ठेवा, दुसऱ्या सॉकेटचे (प्रोसेसर बसायच्या जागेचे) सगळे स्लॉट त्या वेळी मेलेलेच असतात. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, बोर्डावर नाही.

नवापूर_नाका

आमच्याकडे डेलचा आर७३० आहे, २४ स्लॉटचा. त्यात तर प्रत्येक चॅनलला तीन-तीन. काय लॉजिक?

भुसावळ_जंक्शन

त्यात खटक्यांचे रंग बघा. आधी सगळे पांढरे, मग काळे, मग हिरवे. तिसरा थर भरला की वेग खाली येतो, एवढं धरून चला. आणि चार रँकच्या रजिस्टर्ड स्टिक तिन्ही थरांत लावायच्या नादाला लागू नका, एका चॅनलला ८ रँकची मर्यादा असते, ४×३ तिथेच ओलांडली जाते.

शेवभाजी_तिखट

हे २आर, ४, ८ काय प्रकरण आहे? एकदाचं कुणीतरी सांगून टाका.

भुसावळ_जंक्शन

२आर म्हणजे दोन रँक. ६४ अधिक ८, असा ७२ बिटचा एक पूर्ण संच म्हणजे एक रँक. ×४ म्हणजे प्रत्येक चिप ४ बिट देते, म्हणून एका रँकला १८ चिप लागतात. ×८ असेल तर ९. ×४ चा फायदा असा की एक अख्खी चिप मेली तरी असे सर्व्हर सावरून घेऊ शकतात. दोन्ही एकत्र काही ठिकाणी चालतात, पण जुन्या ×४ असतील तर नव्याही ×४ घ्याव्यात, उगाच पुढे शोधाशोध नको.

डाळमिल_आयटी

स्टिक आल्या. रविवारी मिल बंद असते, तेव्हा करतो. काही पथ्य असेल तर सांगा. उघडून बघितलं तर आत तुरीच्या चुनीची भुकटी बसलीय चांगलीच.

ममुराबाद_रोड

कॉम्प्रेसर मारा मिलमधलाच. आणि स्टिकचे सोनेरी पाय खोडरबरने घासून घ्या, चकाचक.

तापी_पूर्णा

दोन्हीला माझा विरोध. मिलच्या कॉम्प्रेसरमधून हवेसोबत पाणी आणि तेलाचा फवारा येतो. खोडरबराने पायांवरचा सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो, चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि घासताना स्थिर वीज तयार होते ती वेगळीच. वर्षानुवर्षं आपल्याकडे सगळे दुकानदार हेच करत आलेत, मला माहीत आहे, जुन्या डेस्कटॉपवर खपूनही जायचं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड वापरा. धूळ मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढा, नळी लांब धरून.

जिनिंग_वाला (धरणगाव)

ताईंना अनुमोदन. आमच्याकडे कापसाचा बारीक तंतू स्लॉटमध्ये जाऊन बसतो. फुंकर मारली की अजून खोल जातो. चिमट्याने, भिंगातून बघत काढावा लागतो. रिकाम्या स्लॉटमध्ये प्लास्टिकच्या डमी मिळाल्या तर बसवून टाका, आमचा त्रास निम्मा झाला.

भुसावळ_जंक्शन

पथ्य म्हणाल तर सर्वांत मोठं : दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढा. नुसतं शटडाउन करून भागत नाही, बोर्डावर स्टँडबाय वीज असते, सर्व्हर दुरून सांभाळणारी रिमोटची चिप तेवढ्यावर जागी असते. वायरी काढून पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, बोर्डावरचा दिवा विझला की हात घाला. मनगटाला पट्टा बांधा. आपल्याकडे कोरड्या हवेत गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो, आणि स्टिक मरायला आपल्याला जाणवणारही नाही एवढी ठिणगी पुरते.

स्टिक बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. डीडीआर४ ची खालची कड सरळ नसते, मधे किंचित फुगीर असते, त्यामुळे एक टोक बसल्यासारखं वाटतं आणि दुसरं अधांतरी राहतं. दोन्ही खटके आपोआप मिटले पाहिजेत, बोटाने मिटवायचे नाहीत.

आणि काम झालं की हवेचं प्लास्टिकचं झाकण परत लावा. बरेच जण 'नंतर लावू' म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, खोलीचा एसी बंद पडला तर काय होतं विचारू नका. डीडीआर४ च्या चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की तिला दुप्पट वेळा रिफ्रेश करावं लागतं, तेवढा वेळ कामातून जातो.

डाळमिल_आयटी (रविवार, दुपार)

मंडळी, मदत! ८ स्टिक लावल्या, चालू केला. स्क्रीन काळी. पंखे फुल्ल. बीप नाही. काय करू? मालक येऊन उभे आहेत.

पांझराकाठ

मालकले चहा पाज. काही करू नको, थांब.

तापी_पूर्णा

खरंच थांबा. मेमरी बदलल्यावर पहिल्यांदा बोर्ड प्रत्येक चॅनलचं टायमिंग नव्याने जुळवतो, त्याला काही मिनिटं लागतात. मधेच वीज तोडू नका. रॅम सापडलीच नसती तर ५ छोटे आणि १ लांब बीप आला असता.

डाळमिल_आयटी

आली स्क्रीन! पण ११२ जीबी दाखवतोय. १६ गायब. बायोसमध्ये जी१ रिकामा दिसतो.

शेवभाजी_तिखट

डीलरने एक मेलेली टेकवली. परत करा.

तापी_पूर्णा

परत करण्याआधी अदलाबदल. जी१ ची स्टिक ए१ मध्ये आणि ए१ ची जी१ मध्ये. दोष स्टिकमागे जातो की स्लॉटमागे, एवढंच बघायचंय. प्रत्येक वेळी वायरी काढून.

डाळमिल_आयटी

केलं. डीलरची स्टिक ए१ मध्ये व्यवस्थित दिसते. जुनी चांगली स्टिक जी१ मध्ये दिसत नाही. म्हणजे स्लॉट. आत कचरा नाही, भिंगाने बघितलं, अल्कोहोलनेही पुसला.

भुसावळ_जंक्शन

आता जी१ रिकामा ठेवून तीच स्टिक जी२ मध्ये लावून बघा. निदानासाठी फक्त.

डाळमिल_आयटी

जी२ मध्येही नाही दिसत.

भुसावळ_जंक्शन

मग स्लॉट सोडा. कचऱ्याने एक स्लॉट जातो, दोन्ही एकदम जात नाहीत. अख्खा जी चॅनल बंद आहे, म्हणजे प्रोसेसर आणि सॉकेट यांच्यात कुठेतरी संपर्क तुटलाय. २०११ टोकांपैकी एखादं वाकलं किंवा त्यावर काही बसलं तरी एवढंच होतं : बाकी सगळं सुरळीत, एक चॅनल गायब. प्रोसेसरवरच्या कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले असतील तरी असं होतं.

आणि बघा, विकणाऱ्याने दुसऱ्या प्रोसेसरला फक्त ई१, ई२ भरले होते. त्याला माहीत होतं की नाही देव जाणे, पण तशा मांडणीत हा दोष कधी दिसलाच नसता.

पांझराकाठ

आते समजनं तशी मांडणी काब्र व्हती ते!

तापी_पूर्णा

आरोप नको, पुष्कळ लोक अज्ञानानेही तशा लावतात.

दुसऱ्या प्रोसेसरचा कूलर काढा. चारही स्क्रू थोडेथोडे, तिरक्या क्रमाने सैल करा. कूलरखालची थर्मल पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढू नका, किंचित डावीउजवी फिरवून सोडवा. सॉकेटचे दोन खटके उघडून प्रोसेसर कडेला धरून सरळ वर उचला. सॉकेटमधल्या पिनांना बोट, कापड, ब्रश, काहीही लावायचं नाही. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. सगळ्या पिना एकाच दिशेला चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली. प्रोसेसरच्या पाठीवरचे सोनेरी ठिपके मात्र अल्कोहोलने पुसता येतात.

डाळमिल_आयटी (रविवार, रात्री)

सापडलं! पिना सगळ्या सरळ. प्रोसेसरच्या पाठीवर एका कोपऱ्याजवळ वाळलेल्या थर्मल पेस्टचा डाग होता. आधी कुणीतरी पेस्टचा हात लावून प्रोसेसर धरला असणार. पुसला, नवी पेस्ट लावली, स्क्रू तिरक्या क्रमाने आवळले. आता बायोसमध्ये १२८ जीबी, ८ स्टिक, सगळ्या २१३३ वर. मालक म्हणाले, "एवढ्यासाठी दिवसभर?" आता त्यांना काय सांगू!

भुसावळ_जंक्शन

अभिनंदन! पण लगेच टॅली सुरू करू नका. रात्रभर मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा. सकाळी एकही चूक नको. मग रिमोटच्या चिपमधला इव्हेंट लॉग आधी कोरा करून घ्या आणि आठवडाभराने बघा. 'दुरुस्त झालेली ईसीसी चूक' एखादी आली तर लक्ष ठेवा, त्याच स्लॉटवर वारंवार यायला लागली तर ती स्टिक बदलायची. ईसीसी चुका गुपचूप दुरुस्त करतं, म्हणून लॉग उघडल्याशिवाय काही कळत नाही.

डाळमिल_आयटी (सोमवार, सकाळ)

मेमटेस्ट स्वच्छ. प्रॉक्समॉक्समध्ये डीएमआयडीकोड (कुठल्या स्लॉटमध्ये काय आहे ते दाखवणारी कमांड) चालवून बघितलं, आठही स्टिक आपापल्या जागी. वजनकाट्यावरची पावती आता लगेच निघते, काट्यावरचा माणूसच सांगत आला. फक्त एक : कुठलंही मशीन सुरू नसताना ५० जीबीच्या वर रॅम वापरात दिसते. हे काय?

तापी_पूर्णा

डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टीमवर आहेत ना? तो वाचलेला डेटा रॅममध्ये साठवून ठेवतो, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये निम्म्या रॅमपर्यंत. ६४ पर्यंत चढेल. मशीनना जागा लागली की सोडतो, पण एकदम मोठं मशीन सुरू केलं तर कधी अडखळतं. कमाल मर्यादा १६ जीबी करून टाका, तुमच्या कामाला भरपूर आहे.

शेवभाजी_तिखट

मी पण काल आमचा सर्व्हर उघडून बघितला. ई३ च निघाला, ताईंनी न बघता ओळखला. आत साधी 'यू' आहे. टॅलीचा सगळा डेटा त्यावर आहे, तर ईसीसी लावावी म्हणतो. तो मुंबईचा डीलर त्या 'ई' वाल्या अजून देतोय का?

तापी_पूर्णा

आधी ई३ कितव्या पिढीचा ते बघा. व्ही३ पर्यंत डीडीआर३ लागते, ती स्टिक बसणारच नाही. व्ही५, व्ही६ असेल तर बोर्डाचं मॅन्युअल बघून घ्या. आणि जुनी 'यू' त्यासोबत ठेवू नका, सगळ्याच 'ई' लावा.

शेवभाजी_तिखट

व्ही५ आहे. बोर्डाचं नाव संध्याकाळी टाकतो.

डाळमिल_आयटी

डीलरचा नंबर व्यनि केलाय भाऊ. फोटो आधी मागवा, लेबलचा.